कार बूट सेलमधून खोकंभर जुने कागद आणलेत. ठेवू, देऊ की टाकू?

बेडफर्डकर

मंडळी, मदत हवी आहे. इंग्लंडातल्या बेडफर्डला येऊन सहा वर्षं झाली, पण इथल्या इतिहासाशी माझा संबंध 'आमचं भाड्याचं घर व्हिक्टोरियन आहे आणि म्हणून गार आहे' इतकाच होता. गेल्या रविवारी कार बूट सेलला (लोक गाडीच्या डिकीतून जुन्या वस्तू विकतात तो बाजार) मुलाची सायकल बघायला गेलो आणि चार पौंडांत कागदांचं खोकं घेऊन आलो. सायकल राहिली. घरी काय झालं असेल ते सांगत नाही.

खोक्यात काय आहे ते सांगतो:

एक चामड्यासारखा जाड, पिवळट मोठा कागद, आठ घड्यांचा. वरची कड नागमोडी कापलेली. खाली लाल लाखेचा ठिपका, अर्धा तुटलेला. सुरुवातीचं एक अक्षर अख्ख्या तळव्याएवढं. कसंबसं वाचलं त्यावरून शेत भाड्याने दिलंय, वर्षाला पाच शिलिंग. तारीख फेब्रुवारी १७४०, पण त्याच ओळीत दुसऱ्या जॉर्ज राजाचं चौदावं वर्ष लिहिलंय. गूगलवर हिशोब केला तर १७४१ येतं.

एक काळी छोटी वही, हातात मावेल एवढी. बायकांची नावं, पुढे 'पर्ल', 'ब्रिलियंट' आणि आकडे, १८८०च्या आसपासचे. म्हणजे कुणी हिऱ्यामोत्यांचा व्यापारी असावा?

शिवाय लिलावाच्या जाहिराती, कोळशाची बिलं, एक रेशनचं पुस्तक आणि पंधरावीस पोस्टकार्डं. एकावर मोठं विमानासारखं काहीतरी खांबाला बांधलंय.

हे ठेवावं, कुणाला द्यावं की बायको म्हणते तसं रद्दीच्या निळ्या डब्यात टाकावं?

नाठाळ

निळ्या डब्यात. धागा संपला.

रद्दीवाला

आमच्याकडे वजनावर घेतो. जाड कागदाचा भाव वेगळा.

केतकी_के

टाकू नका!!! आधी फोटो टाका. आणि कृपया लॅमिनेट करू नका. आमच्या बाबांनी आजोबांचा सातबारा, जन्मदाखला आणि एक मोडी खत लॅमिनेट करून ठेवलंय. खताची शाई आता प्लास्टिकला चिकटलीय आणि कागद कोराच राहिलाय.

बेडफर्डकर

@केतकी_के, लॅमिनेट नाही केलं. पण फाटलेल्या बिलाला सेलोटेप लावली होती. काढू का?

दप्तरबंद

काढू नका, हात लावू नका, आणि पुन्हा लावू नका. :) मी इथे इंग्लंडातच एका दप्तरखान्यात, म्हणजे जुने कागद जपणाऱ्या अर्काइव्हमध्ये, काम करतो (बेडफर्डशरमध्ये नाही), म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुमचा 'चामड्यासारखा कागद' हे खरोखर चामडंच आहे, मेंढीचं. वरची नागमोडी कड शोभेची नाही. एकाच कातड्यावर करार दोनदा लिहायचे, मधून वेडावाकडा काप घ्यायचे आणि एकेक भाग दोघांनी ठेवायचा. भांडण झालं तर दोन्ही कडा जुळवून बघायच्या. जुळल्या तर करार अस्सल. या दातेरी कापावरून त्याचं नाव 'इंडेंचर'. पुढेपुढे काप नावापुरताच राहिला, नाव मात्र टिकलं.

आता पाच शिलिंग. वर्षाला पाच शिलिंग भाड्यात शेत, हे वाचून सगळे फसतात. तुमच्या हातात आहे तो जोडीतला एक कागद आहे. जमीन विकायची तर १५३६च्या कायद्याप्रमाणे तो व्यवहार सरकारदरबारी नोंदवावा लागायचा, म्हणजे तो चारचौघांना कळायचा. मग वकिलांनी पळवाट काढली. पहिल्या दिवशी जमीन वर्षभरासाठी नाममात्र रकमेला भाड्याने द्यायची. दुसऱ्या दिवशी, ताबा आधीच भाडेकरूकडे आहे असं धरून, मालकाने उरलेला हक्क सोडून द्यायचा. भाडं अधिक हक्कसोड बरोबर विक्री, आणि नोंदणी नाही. १८४१पर्यंत हे असंच चालू होतं. तुमच्याकडे भाड्याचा कागद आहे. खरी किंमत, खरी माणसं, सगळं त्याच्या जोडीदारात. त्याची तारीख एक दिवस पुढची असणार. तो खोक्यात आहे का बघा.

आगाऊ_आजोबा

म्हणजे स्टँप ड्यूटी चुकवायची कला आपण त्यांच्याकडून शिकलो की त्यांनी आपल्याकडून?

दप्तरबंद

आजोबा, माणूस सगळीकडे सारखाच.

मोडीवाचक

१७४० की १७४१ ते मी सांगतो. दोन्ही बरोबर आहेत. इंग्लंडात तेव्हा नवं वर्ष २५ मार्चला लागायचं. त्यामुळे जानेवारी, फेब्रुवारी आणि मार्चचे बरेचसे दिवस जुन्याच सालात. १७५२ मध्ये हे बदललं आणि त्याच वर्षी सप्टेंबरात २ तारखेनंतर एकदम १४ तारीख आली. दुसरा जॉर्ज जून १७२७ मध्ये गादीवर आला, म्हणजे चौदावं वर्ष जून १७४० ते जून १७४१. त्यातला फेब्रुवारी आपल्या हिशोबाने १७४१चा. लिहिणारा चुकलेला नाही.

शालिवाहन शक, फसली, अरबी सुहूर सन आणि राज्याभिषेक शक यांतून एक तारीख काढायला बसलेल्या माणसाला हे म्हणजे पाढे म्हणण्यासारखं आहे.

केतकी_के

मोडीवाचक दादा, दंडवत. 'अकरा दिवस गेले कुठे' म्हणून पगार कापला असेल का हो कुणाचा?

मोडीवाचक

उलट झालंय. कर आणि खंड भरायच्या तारखा अकरा दिवस पुढे सरकवाव्या लागल्या. इंग्लंडचं आयकराचं वर्ष अजून ६ एप्रिलला सुरू होतं त्याचं मूळ यात आहे. २५ मार्चमध्ये अकरा मिळवा, ५ एप्रिल येईल. उरलेल्या एका दिवसावर लोक अजून वाद घालतात.

बेडफर्डकर

अरे! आणि मी सहा वर्षं दर एप्रिलला एचआरला शिव्या देतोय.

जोडीदार कागद खोक्यात नाही. सगळं उलटंपालटं केलं. उलटंपालटं केलं हेही चुकलंच का?

दप्तरबंद

हो. पण झालं ते झालं. आता यापुढे ज्या क्रमाने आहे त्या क्रमाने ठेवा, रबरबँड असेल तर काढा, खोक्याचा बाहेरून फोटो घ्या. खोक्यावर कुणाचं नाव, पत्ता, दुकानाचं लेबल असेल तर तेसुद्धा.

नाठाळ

मला एक कळत नाही. आपले कागद यांनी जहाजं भरभरून नेले. आपण यांची कोळशाची बिलं सांभाळायची? यांच्या शेताचं काय झालं याचं आपल्याला काय पडलंय?

पिंपळपान

नाठाळ, राग बरोबर आहे, पत्ता चुकलाय. जिल्ह्याच्या दप्तरात व्हाइसरॉय कमी सापडतात. सापडतात ते शेतमजूर, मोलकरणी आणि म्हातारे.

एमएच्या प्रबंधासाठी मी इथल्या गरीब-कायद्याचे कागद वाचलेत. १६६२च्या कायद्याने प्रत्येक गरिबाचा एक 'आपला' पॅरिश, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतलं गाव, ठरायचा. आजारपणात किंवा म्हातारपणी मदत मिळायची ती त्याच पॅरिशमधून. हक्क मिळायचा जन्माने, लग्नाने, धंदा शिकायच्या उमेदवारीने किंवा एखाद्या गावात वर्षभर नोकरी केल्याने. मग शेतकरी काय करायचे? गडी एक्कावन्न आठवड्यांसाठी ठेवायचे. बावन्नावा आठवडा भरू द्यायचा नाही, म्हणजे तो गावाच्या गळ्यात पडत नाही.

आणि कुणी बिनलग्नाची पोटुशी बाई परगावात दिसली की तिची जबानी घ्यायची आणि दोन मॅजिस्ट्रेटच्या सहीने तिला हद्दीबाहेर काढायचं. बाळ जिथे जन्मेल त्या गावाचं होणार, म्हणून दिवस भरायच्या आत गाडीत घालायचं. तो हुकूम छापील असायचा, मधे नावाची जागा रिकामी. म्हणजे इतक्या वेळा लागायचा की छापून ठेवणं परवडायचं. मी पहिल्यांदा तो फॉर्म हातात घेतला तेव्हा पाच मिनिटं बाहेर जाऊन उभी राहिले होते.

जबानीच्या तळाशी सहीच्या जागी फुली असते. त्या बाईने स्वतः कागदावर केलेली तेवढीच एक खूण उरलेली असते.

नाठाळ

बरं. टोपी काढतो. मी परत चहा घेतो आणि नीट वाचतो.

सोनचाफा

वाचतेय. पिंपळपान, असं अजून लिही.

लूटनची_लेक

मी जरा उशिरा आले, पण बेडफर्डकर, तुमच्या हिऱ्यामोत्यांच्या व्यापाऱ्याचं सोनं पिवळं होतं हे खरं. ते गव्हाचं काड होतं! :D

'पर्ल' आणि 'ब्रिलियंट' ही काडाच्या वेणीच्या विणींची नावं आहेत. लूटन आणि डन्स्टेबल म्हणजे टोप्यांची गावं. लूटनच्या फुटबॉल क्लबला अजून 'हॅटर्स' म्हणतात. टोपी शिवली जायची गावात, पण तिच्यासाठी लागणारी वेणी विणली जायची आजूबाजूच्या खेड्यांत, घराघरांत, बायकापोरांकडून. काड उभं चिरायचं, ओलं करायला तोंडात धरायचं आणि चालता-बोलता विणत राहायचं. पोरांच्या तर 'वेणीशाळा' असायच्या, म्हणजे एखाद्या बाईच्या खोलीत कोंबलेली पंधरावीस पोरं. शिक्षण नावाला. विणायचं ते खरं.

वहीत आकड्यांमध्ये वीसचा काही संबंध दिसतोय का? वेणी 'स्कोअर'वर विकली जायची. एक स्कोअर म्हणजे वीस यार्ड.

बेडफर्डकर

दिसतोय!! प्रत्येक पानावर 'एससी' असं काहीतरी आहे. मी त्याला 'स्क्वेअर कॅरेट' समजत होतो.

आगाऊ_आजोबा

स्क्वेअर कॅरेट. हाहाहा. चहा सांडला.

लूटनची_लेक

मग ती वेणी-व्यापाऱ्याची वही असणार. खेड्यात फिरून बायकांकडून वेण्या घ्यायच्या आणि लूटनच्या बाजारात विकायच्या. १८६९ मध्ये लूटनला त्यासाठी खास प्लेट हॉल, म्हणजे वेणीबाजाराच्या इमारती, बांधले. आधी हा बाजार उघड्यावर, रस्त्यात भरायचा.

एक काम करा. वहीतला पहिल्या पानावरचा आणि शेवटच्या पानावरचा भाव ताडून बघा.

बेडफर्डकर

बघितलं. पेन्सिलीने लिहिलंय, काही पुसट झालंय. 'ब्रिलियंट'चा भाव सुरुवातीला होता त्याच्या जवळपास निम्मा शेवटी. बायकांची नावं पण कमी होत गेलीत. पहिल्या पानावर चौदा आहेत. शेवटच्या भरलेल्या पानावर पाच. पुढची पानं कोरी.

लूटनची_लेक

अंगावर काटा आला. १८७०नंतर चीनमधून स्वस्त वेणी यायला लागली, पुढे जपानमधून. लूटनच्या टोप्या विकल्या जात राहिल्या, उलट वाढल्या, कारण कच्चा माल स्वस्त झाला. मेल्या त्या खेड्यातल्या बायका. म्हणजे धंदा. नोकरी गेली असं म्हणता येत नाही, कारण त्यांना नोकरी कधी नव्हतीच.

जनगणनेत बघाल तर १८७१ला गावंच्या गावं 'स्ट्रॉ प्लेटर', म्हणजे काडाची वेणी विणणारी, आहेत, सहा-सात वर्षांच्या पोरींसकट. नंतरच्या जनगणनांत तो शब्द विरत जातो. पण जनगणना दहा वर्षांनी एकदा. मधली दहा वर्षं कशी गेली ते असल्या वहीत कळतं. ही वही टाकू नका हो. चार पौंडांत मिळालेल्या त्या कातड्यापेक्षा हीच मोलाची आहे.

सोनचाफा

आमच्या मालवणी आजीचा काथ्या वळायचा हिशोब असाच होता, कोयत्याच्या मुठीवर खुणा करून. तो कुणी सांभाळला नाही.

दप्तरबंद

लूटनच्या लेकीला पूर्ण अनुमोदन. जमिनीचे व्यवहार दप्तरखान्यात पोत्यांनी आहेत. असली हिशोबाची वही क्वचित येते, कारण ती कुणाला महत्त्वाची वाटत नाही. शेगडी पेटवायला जाते.

कातड्याचीही एक गोष्ट आहे. १९२५च्या कायद्याने मालकी दाखवायला शेकडो वर्षांचे कागद लागेनासे झाले. वकिलांच्या तळघरांत ढीग साचले होते, ते बाहेर निघाले. बरेचसे पल्प झाले. कातड्यावरचे देखणे कागद कापून काय केलं माहितेय? दिव्यांच्या शेड. घरी दिवा लावला की भिंतीवर अठराव्या शतकातला करार उमटणार. शिवाय दुसऱ्या महायुद्धात रद्दी-मोहीम निघाली त्यात आणखी गेले. ब्रिटिश रेकॉर्ड्स असोसिएशन ही संस्था १९३२ मध्ये निघाली, तिचं एक मोठं काम वकिलांकडचे कागद वाचवून त्या त्या जिल्ह्यात पोचवणं हेच होतं.

रद्दीवाला

लँपशेड! आमच्या धंद्यालाही इतकी कल्पकता नाही.

मोडीवाचक

आणि बेडफर्डकरांना कुठे राहतोय याची कल्पना आहे का? इंग्लंडातला पहिला जिल्हा दप्तरखाना बेडफर्डलाच निघाला, १९१३ मध्ये. काढणारा माणूस जॉर्ज हर्बर्ट फाऊलर, मूळचा प्राणिशास्त्रज्ञ! प्राणी वर्गवारीने लावणाऱ्या माणसाने जिल्ह्याचे कागद वर्गवारीने लावले. आदल्याच वर्षी, १९१२ मध्ये, त्याने जिल्ह्याचे कागद छापणारी संस्थाही काढली होती.

तारखा जुळवून बघा. राजवाड्यांनी पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ काढलं ते १९१०. राजवाडे गावोगाव वाडे पालथे घालत होते, माळ्यावरची दप्तरं उतरवत होते. दोघांना एकमेकांचा पत्ता नसेल, पण त्या दोन-चार वर्षांत दोघांनाही एकच धास्ती होती की कागद संपत चाललेत.

आगाऊ_आजोबा

फरक एवढाच की त्यांच्याकडे पेन्सिल घेऊन बसायला टेबल मिळतं. मी पुण्यात रुमाल सोडायला बसलो होतो तेव्हा धुळीने तीन दिवस शिंकत होतो. रुमाल म्हणजे बेडफर्डकर, कापडात बांधलेला कागदांचा गठ्ठा, तुझ्या खिशातला नव्हे.

नाठाळ

आजोबा, तीन दिवस खिशातलाही लागला असेल.

कराचीवाली_नात

अवांतर होईल, पण त्या पोस्टकार्डाबद्दल कुणीच काही विचारलं नाही. खांबाला बांधलेलं 'विमानासारखं' म्हणजे सिगारच्या आकाराचं, प्रचंड? खाली एवढीशी केबिन?

बेडफर्डकर

हो, तसंच. मागे लिहिलंय (इंग्रजी, घाईत): काल हे आमच्या छपरावरून गेलं, आई घाबरून टेबलाखाली गेली, कुत्रा आधीच गेला होता. तारीख नाही. शिक्का पुसट.

कराचीवाली_नात

आर १०१ असणार, गॅस भरून उडणारं महाकाय हवाई जहाज! किंवा त्याचं भावंड आर १००. आर १०१ बेडफर्डजवळच्या कार्डिंग्टनला बांधलं. ४ ऑक्टोबर १९३०च्या संध्याकाळी तिथून उडालं आणि रात्रीतच फ्रान्समध्ये बोव्हेजवळ कोसळून पेटलं. ५४ जणांपैकी ४८ गेले, हवाईमंत्री लॉर्ड थॉमसनसुद्धा. कार्डिंग्टनच्या चर्चच्या दफनभूमीत सगळ्यांची एकत्र कबर आहे.

आणि ते जहाज चाललं होतं कुठे? कराचीला. कराची तेव्हा मुंबई इलाख्यातच, १९३६पर्यंत. तिथे त्याच्यासाठी भलंमोठं शेड बांधून तयार होतं. माझे पणजोबा तिथे नारायण जगन्नाथ हायस्कुलात शिकवायचे. लोक त्या शेडला 'काळा छप्रा' म्हणत. आजी सांगायची, लहानपणी कुणी बढाई मारली की घरात म्हणायचे, "याचं काळ्या छप्रासारखं आहे, थाट मोठा आणि आत काही नाही." जहाज कधी आलंच नाही ना!

केतकी_के

बापरे, काय धागा आहे हा. शेड बांधून वाट बघत बसलेली कराची.

पिंपळपान

त्याच कार्डिंग्टनला तुरुंगसुधारक जॉन हॉवर्ड राहायचा. १७७३ मध्ये तो बेडफर्डशरचा हाय शेरिफ झाला आणि तुरुंग बघायला गेला. हे काम आधीच्या शेरिफांनी मनावर घेतलेलं नव्हतं. त्याला दिसलं की निर्दोष सुटलेली माणसंही आतच आहेत, कारण तुरुंगाधिकाऱ्याला पगार नव्हता. तो कैद्यांच्या फीवर जगायचा, आणि फी दिल्याशिवाय बाहेर सोडायचा नाही. हॉवर्डने जिल्ह्याच्या न्यायाधीशांना म्हटलं, पगार द्या. त्यांनी विचारलं, असं दुसरीकडे कुठे करतात? मग तो शोधायला निघाला आणि पुढे युरोपभर तुरुंग बघत फिरला. त्याआधी शंभर वर्षं 'पिल्ग्रिम्स प्रोग्रेस'चा लेखक जॉन बनियन याच बेडफर्डच्या तुरुंगात बारा वर्षं होता, परवान्याशिवाय प्रवचन केलं म्हणून.

तुमच्या बेडफर्डच्या तुरुंगाच्या नोंदवह्या आता शोधता येतात, एकोणिसाव्या शतकातल्या. कैद्याची उंची, डोळ्यांचा रंग, अंगावरचे व्रण, गुन्हा. पाव चोरला, सलगम चोरले, लाकूड तोडलं. काहींचे फोटो आहेत. एकदा वाचायला बसलात तर जेवायला उठणार नाही.

लूटनची_लेक

बेडफर्डच्या पॅनासिया सोसायटीला विसरू नका! १९१९ मध्ये निघालेला पंथ. जोॲना साउथकॉट नावाच्या बाईने मागे ठेवलेली बंद पेटी चोवीस बिशपांनी एकत्र येऊन उघडली तरच जगाचं भलं होईल, अशी श्रद्धा. वर्तमानपत्रांत जाहिराती द्यायचे: बिशप पेटी उघडेपर्यंत गुन्हे, दरोडे आणि संकटं वाढतच राहणार. बिशप काही आले नाहीत. बेडफर्ड हेच ईडनचं उद्यान अशीही त्यांची समजूत होती. त्यांच्या जागेत आता संग्रहालय आहे, जरूर बघा. ती छापील पत्रकं सापडली तर सांभाळा.

नाठाळ

बेडफर्ड म्हणजे ईडनचं उद्यान. बेडफर्डकर, मग थंडीची तक्रार कशाला करता?

रद्दीवाला

ॲडम पण तिथून लवकरच बाहेर पडला होता.

आगाऊ_आजोबा

लूटनच्या लेकी, तुमच्या गावाने तर अख्खा टाऊन हॉलच जाळला ना, कागदांसकट?

लूटनची_लेक

जाळला की, १९ जुलै १९१९. युद्ध संपल्याचा उत्सव. नगरसेवकांची मेजवानी ठरली, आणि युद्धावरून परत आलेल्या सैनिकांना बागेत स्मरणसभा करायला परवानगी नाही. संध्याकाळपर्यंत दगडफेक, रात्री आग. महापौर गाव सोडून पळाले. दुकानातून पियानो रस्त्यावर ओढून आणले आणि आगीच्या उजेडात गाणी म्हटली. कागद गेले हे वाईटच, पण त्या रागाची बाजू मी घेणार.

सोनचाफा

रेशनच्या पुस्तकाचं काय? आईला सांगितलं तर ती म्हणाली इंग्लंडात कसलं रेशन!

पिंपळपान

आईंना सांग, युद्ध जिंकल्यावर तिथे पावावर रेशन आलं, १९४६ ते १९४८. युद्धाच्या काळात पाव खुला होता. रेशन पूर्ण उठलं ते १९५४ मध्ये.

दप्तरबंद

मूळ प्रश्नावर येऊ या, नाहीतर पेटी उघडायला चोवीस बिशप बोलवावे लागतील.

बेडफर्डकर, जिल्हा दप्तरखान्याला ईमेल करा, यादी आणि दोनतीन फोटो पाठवा. ते सगळं घेतीलच असं नाही. रेशनची पुस्तकं आणि आर १०१ची छापील पोस्टकार्डं त्यांच्याकडे पुष्कळ असणार. दान द्यायचं की मालकी आपल्याकडे ठेवून ठेव म्हणून द्यायचं ते विचारतील. जाल तेव्हा पेन नेऊ नका. आत फक्त पेन्सिल चालते. पांढरे हातमोजेही नको, ते सिनेमात. मोज्यात बोटाला कागदाची कड कळत नाही आणि तो फाटतो. हात धुवून कोरडे करा, एवढंच.

आणि एक प्रश्न ते हमखास विचारतील, त्याचं उत्तर घेऊन जा: हे खोकं आलं कुठून?

बेडफर्डकर

(दोन आठवड्यांनी)

मंडळी, अपडेट. जाऊन आलो. नदीकाठी बरो हॉलमध्येच आहे, रोज समोरून जातो. कातडं त्यांनी फोमच्या उशीवर ठेवलं, कडेला सापासारखी मऊ वजनं ठेवली. बाईंनी ते माझ्यापेक्षा पाचपट वेगाने वाचलं आणि छान आहे म्हणाल्या. मग वही हातात घेतली आणि गप्प झाल्या. एकेक पान उलटलं. पाच नावांच्या पानावर थांबल्या, पुढची कोरी पानंही शेवटपर्यंत उलटली. आणि विचारलं, "हे आलं कुठून?"

दप्तरबंद, तुम्ही सांगूनही माझ्याकडे उत्तर नव्हतं. कॅटलॉगमध्ये शेताचं नाव टाकून जोडीदार कागद शोधला, मिळाला नाही.

म्हणून काल परत कार बूट सेलला गेलो. तोच स्टॉल, तेच काका. त्यांना मी आठवत होतो ("सायकल नको म्हणणारे ना तुम्ही?"). टॉडिंग्टनच्या बाजूचं एक जुनं घर रिकामं केलं, त्यातलं खोकं, म्हणाले. म्हातारी एकटीच राहायची. कागद दोन खोकी होते.

केतकी_के

दोन!!!

दप्तरबंद

दुसरं कुठंय?

बेडफर्डकर

त्यातले कातड्याचे, लाख लावलेले सगळे एकजण आधीच घेऊन गेला. दर पंधरा दिवसांनी येतो म्हणे, सकाळी सहाला, टॉर्च घेऊन.

रद्दीवाला

लँपशेडवाला?

बेडफर्डकर

काका म्हणाले फ्रेम करून विकतो. एकेक सुटं. वही दप्तरखान्यात दिली, घराचा पत्ता कळवला. पोस्टकार्ड मात्र ठेवलंय, टेबलाखालच्या आईसाठी आणि कुत्र्यासाठी.

येत्या रविवारी त्या माणसाचा पंधरवडा भरतो. साडेपाचला जाऊन थांबणार आहे. बायकोला सांगितलंय सायकल बघायला चाललोय.

आगाऊ_आजोबा

थर्मास ने. आणि या वेळी सायकल आण.